जवळ म्हणजे किती जवळ?

कोकणातल्या एका तालुक्याचा नकाशा पडद्यावर होता, त्यावर आरोग्य उपकेंद्रांचे लाल ठिपके. वर्गाला दिलेलं काम अगदी सोपं होतं. प्रत्येक उपकेंद्राभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायचं आणि त्यात किती घरं येतात ते मोजायचं. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं चौकटीत ५०० हा आकडा टाकला, बटण दाबलं आणि तिचा सगळा पडदा हिरवा झाला. तालुका गेला, जिल्हा गेला. तिनं नकाशा लहान केला, आणखी लहान केला. भारत हिरवा, समुद्र हिरवा, जग हिरवं आणि जगाबाहेरचा रिकामा पडदासुद्धा हिरवा.

"मॅडम, कॉम्प्युटर हँग झालाय."

कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता. चौकटीत ५०० च्या शेजारी बारीक अक्षरांत एकक लिहिलेलं होतं: डिग्रीज. तिच्या मनात मीटर होते आणि तिचा नकाशा अंशांत बोलत होता. पृथ्वीभोवतीची पूर्ण फेरीच मुळात ३६० अंशांची. तिनं उपकेंद्रापासून ५०० अंशांपर्यंतचा सगळा मुलूख मागितला होता, आणि यंत्रानं तो एका क्षणात, निमूटपणे काढून दिला.

त्या दिवशी ठरवलेला धडा मी बाजूला ठेवला, कारण तो हिरवा पडदा त्याहून मोलाचा होता. त्यात चूक ढळढळीत दिसत होती. समजा, 'एक अंश म्हणजे १११ किलोमीटर' हे शाळेत पाठ केलेलं आठवून तिनं ५०० ऐवजी ०.००४५ टाकलं असतं, तर? पडद्यावर सुबक, गोल, पटण्याजोगी वर्तुळं उमटली असती. कोणालाच शंका आली नसती. पण जमिनीवर ती वर्तुळं नसतीच. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना संत्र्याच्या फोडींच्या कडांसारख्या एकमेकींकडे सरकत जातात. विषुववृत्तावर दोन रेखांशांत १११ किलोमीटर अंतर असतं. कोकणात ते सुमारे १०६ होतं, श्रीनगरला ९२ च्या आसपास आणि नॉर्वेतल्या ऑस्लोत जवळपास निम्मं. उत्तर-दक्षिण अंश मात्र सगळीकडे जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे तिचं 'वर्तुळ' कोकणात पूर्व-पश्चिम थोडं दबलेलं निघालं असतं, आणि ऑस्लोत तर उभ्या धरलेल्या काकडीसारखं. उपकेंद्राच्या पूर्वेला ४९० मीटरवर राहणारी म्हातारी त्या यादीतून गळली असती, आणि का गळली ते कोणाला कळलं नसतं.

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. हे नाव ज्यांच्या कानावर आलेलं नाही त्यांनीही ती वापरलेली असते. मोबाइलवर जवळचा पेट्रोल पंप शोधताना, गट नंबर टाकून शेताचा नकाशा उघडताना, पुराचा इशारा वाचताना मागे तीच राबत असते. ती शिकवायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे कुठलं बटण कुठे आहे ते दाखवायचं. हे आठवड्याभरात होतं, विद्यार्थी खूश होतात, आणि पुढच्या आवृत्तीत बटणाची जागा बदलली की सगळं पाण्यात जातं. दुसरी वाट लांबची आहे. कुठे, जवळ, आत, काठ, लांब हे शब्द आपण बोबडं बोलायच्या वयापासून वापरतो. त्या शब्दांची नव्यानं ओळख करून द्यायची. मला ही दुसरी वाट नुसती बरोबरच नाही, तर अतोनात सुंदर वाटते. इतक्या साध्या शब्दांच्या पोटात केवढं काय काय दडलेलं आहे!

म्हणून पहिल्या दिवशी मी संगणक लावतच नाही. खिडकीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवतो आम्ही. एका कागदावर ओढे, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर तीव्र उतार पेन्सिलीनं भरलेले, चौथ्यावर वस्त्या. मग चारही एकावर एक. बाहेरचा उजेड कागदांतून येतो, आणि जिथे काहीच गिरवलेलं नाही तिथे तो लख्ख येतो. पाण्यापासून सुरक्षित, उतारावर नसलेली, वस्तीनं न व्यापलेली जागा म्हणजे तो उजेडाचा तुकडा. दरवर्षी या क्षणी वर्गात एक छोटी शांतता पसरते, आणि दरवर्षी मी तिची वाट पाहते.

जीआयएसचा जन्म अशाच कागदांच्या राशीतून झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉजर टॉमलिन्सन हा तरुण भूगोलतज्ज्ञ कॅनडातल्या एका हवाई सर्वेक्षण कंपनीत होता. केनियात झाडांच्या लागवडीसाठी योग्य जागा शोधायचं काम कंपनीकडे आलं. त्यासाठी कितीतरी नकाशे एकमेकांवर ठेवून पाहायला हवे होते, आणि माणसांकरवी ते करायचा खर्च इतका निघाला की काम सोडून द्यावं लागलं. टॉमलिन्सनच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट घोळत राहिली: नकाशा आकड्यांत उतरवता आला तर ही रास यंत्राला रचता येईल. पुढे एका विमानप्रवासात शेजारी बसलेल्या गृहस्थाशी गप्पा निघाल्या. ते होते ली प्रॅट, कॅनडाच्या जमिनीची प्रचंड मोजदाद करायला निघालेल्या सरकारी योजनेचे प्रमुख. कुठली जमीन शेतीला चांगली, कुठली वनांना, कुठली वन्यप्राण्यांना, असे हजारो नकाशे त्यांना हवे होते. त्या गप्पांतून 'कॅनडा जिओग्राफिक इन्फर्मेशन सिस्टिम' उभी राहिली. नकाशे यंत्रात घ्यायला मोठ्या पिंपासारखा स्कॅनर मुद्दाम बनवून घ्यावा लागला.

एका वर्षी एका मुलानं काचेवर कागद लावताना तो दोन मिलिमीटर सरकवला. नकाशा एकास पन्नास हजार प्रमाणाचा होता. त्यावरचे दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर. त्याचा ओढा टेकडीच्या अंगावर चढला आणि शाळा रस्त्याच्या पलीकडे गेली. तो कागद काढून नीट लावायला निघाला, तर मी त्याला थांबवलं. कारण नेमकी हीच घसरण संगणकातही होते, आणि तिथे हात कोणाचाच हललेला नसतो.

तिची गोष्ट १८०२ मध्ये मद्रासला सुरू होते. विल्यम लॅम्ब्टन या ब्रिटिश सर्वेक्षकानं तिथे एक पायारेषा साखळीनं मोजली आणि तिच्यावर एकामागून एक त्रिकोण रचत तो पुढे निघाला. एकवीस वर्षं चालला. १८२३ च्या जानेवारीत वाटेतच, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथे आहे. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं पुढे नेलं. पण त्रिकोणांवरून अक्षांश-रेखांश काढायचे तर पृथ्वीचा नेमका आकार आधी धरावा लागतो. एव्हरेस्टनं १८३० मध्ये एक लंबगोल मांडला. तो भारताच्या जमिनीला चपखल बसत होता, आणि आपले जुने सर्वेक्षण नकाशे त्याच्यावरच उभे राहिले. आजचं जीपीएस दुसरा लंबगोल धरतं, साऱ्या पृथ्वीला मिळून बरा बसणारा, पृथ्वीच्या मध्याशी मध्य जुळवलेला. त्यामुळे गावातल्या त्याच पिंपळाच्या पाराला दोन पत्ते मिळतात. जुन्या नकाशातला पत्ता तसाच उचलून नव्यावर ठेवला, तर आपल्या भागात पार शंभर-दीडशे मीटर सरकतो. अक्षांश-रेखांश आपल्याला जमिनीवर कोरलेले वाटतात. ते जमिनीचं आणि कोणीतरी मनाशी धरलेल्या एका आकाराचं नातं आहे, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा पायाखालची फरशी जराशी हलल्यासारखी वाटते. मला अजूनही वाटते.

आता 'जवळ'कडे येऊ. माझा सगळ्यांत लाडका शब्द.

टॉमलिन्सनच्या त्या प्रकल्पात एक अडचण होती. नकाशा पसरट असतो, त्याला लांबी आणि रुंदी असते. त्या काळातल्या संगणकाची साठवण म्हणजे चुंबकी फीत, एक लांबच लांब दोरी. कॅनडाचे चौकोन कापून दोरीवर ओवायचे तर क्रम कुठला लावायचा? पुस्तक वाचतो तसा ओळीनं लावला तर एका चौकोनाचा उजवा शेजारी लगेच पुढे येतो, पण खालचा शेजारी पूर्ण ओळ संपल्यावर. ओळीत शंभर चौकोन असतील तर १ च्या शेजारी २, पण १ च्या खाली १०१. जमिनीवर खेटून असलेली दोन शेतं फितीवर कोसभर लांब. आयबीएममधल्या गाय मॉर्टननं १९६६ मध्ये यावर एक क्रम सुचवला. वर्गात आम्ही तो आलेख-कागदावर हातानं करतो. वर डावीकडे १, त्याच्या उजवीकडे २, मग खाली येऊन १ च्या खाली ३ आणि २ च्या खाली ४. पेन्सिलीनं जोडलं तर इंग्रजी झेड दिसतो. हे चार मिळून एक मोठं घर. आता घरंही त्याच क्रमानं लावायची: उजवीकडच्या घरात ५ ते ८, खालच्या डाव्या घरात ९ ते १२, शेवटच्यात १३ ते १६. मग त्या सोळांचा एक वाडा, आणि वाडेही पुन्हा तसेच. झेडच्या आत झेड, त्याच्या आत आणखी झेड. जमिनीवरचे शेजारी बहुतेक वेळा दोरीवरही शेजारीच राहतात.

बहुतेक वेळा. मुलं हळूहळू ६४ पर्यंत पोचतात आणि कोणीतरी ओरडतं, "मॅडम, इथे फाटलं!" सोळाव्या चौकोनाच्या अगदी खाली ३८ आलेला असतो. मग अर्धा तास वर्ग झपाटून जातो. दुसरा क्रम, तिसरा क्रम, सापासारखा, भोवऱ्यासारखा. दरवेळी कुठे ना कुठे शिवण उसवतेच. पसरट जागेला दोरीत घालायचं आणि कोणताच शेजार तुटू द्यायचा नाही, हे कोणालाच साधणारं नाही. ही गोष्ट मी सांगितली असती तर त्यांनी वहीत लिहून घेतली असती. स्वतःच्या खोडरबरानं ती शोधली म्हणून ती त्यांची झाली.

पण अंतर मोजलं म्हणजे जवळीक कळली का? १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्यानं दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं नेली. डॉक्टर जॉन स्नोनं मृत्यूंचा नकाशा काढला आणि ब्रॉड स्ट्रीटवरचा दूषित पाण्याचा पंप सापडला, असं सगळीकडे सांगितलं जातं. क्रम उलटा होता. कॉलरा वाईट हवेतून नव्हे तर पाण्यातून पसरतो हा स्नोचा विचार काही वर्षांचा जुना होता. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, आणि प्रसिद्ध नकाशा त्यानंतर आला. नकाशा पाहून त्याला कल्पना सुचली नाही. कल्पना होती म्हणून त्याला नकाशात काय काढायचं ते कळलं. माझ्या दृष्टीनं जीआयएसच्या शिक्षणाचा सगळा जीव या एका क्रमात आहे.

आणि त्यानं काढलेली 'जवळ' पाहण्यासारखी आहे. १८५५ मध्ये छापलेल्या नकाशात त्यानं पंपाभोवती एक वेडीवाकडी रेषा ओढली. तिच्या आतल्या माणसांना ब्रॉड स्ट्रीटचा पंप इतर कुठल्याही पंपापेक्षा जवळ पडत होता, आणि हे जवळपण त्यानं धरलं गल्लीबोळांतून पायी चालत जायच्या वाटेनं. पाणी आणायला निघालेली बाई भिंतीतून आरपार जात नाही, वळसा घालते. कंपासनं काढलेल्या वर्तुळाला हे ठाऊक नसतं.

तरी त्या रेषेच्या आत एक अनाथ-निराधारांचं वसतिगृह होतं. पाचशे पस्तीस माणसं, भोवती सगळीकडे मृत्यू, आणि आत कॉलऱ्यानं गेली फक्त पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूभट्टीतले कामगारही वाचले, ते तो पंप वापरतच नव्हते. उलट कित्येक मैल लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्यानं गेली. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहायची, तिथल्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून तिच्यासाठी रोज गाडीवरून त्या पंपाचं पाणी भरून जात असे. नकाशावर सगळ्यांत लांबची ती बाई पाण्याच्या हिशेबानं पंपाला खेटून होती. हे वर्गात सांगते तेव्हा मुलं वह्या मिटतात. एकानं हळूच विचारलं होतं, "म्हणजे आमच्या गावाला टँकरचं पाणी येतं, तर आमचं गाव कशाच्या जवळ आहे?" या प्रश्नाचा नकाशा काढायला त्याला दोन आठवडे लागले, आणि तो त्या वर्षीचा सर्वांत चांगला नकाशा होता.

वॉल्डो टॉबलर या भूगोलतज्ज्ञानं १९७० मध्ये एक नियम सांगितला, तो भूगोलाचा पहिला नियम म्हणून ओळखला जातो. सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो, पण जवळच्यांचा लांबच्यांपेक्षा जास्त, असा त्याचा आशय. पावसाचा नकाशा याच भरवशावर काढतात. पर्जन्यमापक काही मोजक्याच ठिकाणी असतात, मधल्या जागा आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढायच्या. मी फळ्यावर दोन आकडे लिहिते: महाबळेश्वर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास. तिथून पूर्वेला ऐंशी किलोमीटरवर फलटण, पाचशेच्या आसपास. मग मधल्या साताऱ्याला किती? वर्ग सरासरी काढतो, तीन हजार. साताऱ्याहून येणारी मुलगी मान हलवते. तिच्या गावाला हजारेक मिलिमीटर पडतो. आता तिसरा आकडा लिहिते. महाबळेश्वरच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर माथेरान, पुन्हा पाच हजारांच्या घरात. सव्वाशे किलोमीटरवरचं माथेरान सख्खं आणि चाळीस किलोमीटरवरचं सातारा परकं! सह्याद्रीच्या कण्याला समांतर गेलं तर लांबवरही शेजार टिकतो, आडवं गेलं तर दहा-वीस किलोमीटरांत मोडतो. जवळ या शब्दाला दिशा असते, हे पावसाकडून शिकावं. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रीग हे अभियंते १९५० च्या सुमारास अशाच प्रश्नाशी झगडत होते. दोन छिद्रांतलं सोनं माहीत आहे, मधल्या खडकात किती असेल? किती अंतरापर्यंत शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे आधी हातातल्या मोजमापांनाच विचारायचं, ही पद्धत त्या कामातून आली. तिला आज त्यांच्याच नावानं क्रीगिंग म्हणतात.

पाण्याचा आणखी एक खेळ आहे, त्यासाठी बाकं सरकवावी लागतात. तीस-चाळीस मुलं चौकोनी रांगांत बसतात आणि प्रत्येकाच्या हातात एक उंचीचा आकडा. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानानं अकरा दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. असे चौकोनी आकडे त्यातूनच मिळतात, एक चौकोन सुमारे तीस मीटरचा. मुलांच्या हातांतले आकडे महाबळेश्वरच्या पठाराचे. प्रत्येकाला एक-एक शेंगदाणा, तो पावसाचा थेंब. नियम एकच: आपल्या आठ शेजाऱ्यांत जो सगळ्यांत खाली, त्याच्या हातात दाणे द्यायचे. टाळी वाजली की दाणे सरकतात. पाच-सहा टाळ्यांत काही मुलांच्या ओंजळी भरतात, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून सगळे म्हणतात, "ही नदी!" कोणालाही नदी काढायला सांगितलेलं नसतं. प्रत्येकानं फक्त शेजाऱ्याकडे पाहिलेलं असतं.

मग एका बाकाशी खेळ अडतो. शेजारी बसलेल्या दोन मैत्रिणींच्या आकड्यांत दोन मीटरचा फरक. एकीचा दाणा सावित्रीत गेला, म्हणजे बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात, शंभरेक किलोमीटरांत प्रवास संपला. दुसरीचा कृष्णेत गेला, म्हणजे वाई, सांगली, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असं करत चौदाशे किलोमीटरांवर बंगालच्या उपसागराला. दोघी एकाच बाकावर! पाणलोट म्हणजे काय, हे त्यानंतर व्याख्या देऊन सांगावं लागत नाही.

'काठ' आणि 'लांब' या शब्दांसाठी मी शिवणाचा दोरा आणते. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे आपण शाळेत घोकलेलं वाक्य. केंद्र सरकारच्या जुन्या तक्त्यात तोच ६५२.६ किलोमीटर होता, आणि अलीकडच्या फेरमोजणीत तो झाला ८७७.९७. गोव्याचा १०१ वरून जवळपास दुप्पट, १९३.९५. भारताचा एकूण किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरांवर गेला. समुद्रातून नवी जमीन वर आली नाही. जुनी मोजणी ज्या नकाशावर झाली त्यात एका सेंटीमीटरमध्ये ४५ किलोमीटर मावत होते, नव्यात अडीच.

मुलं आधी शाळेच्या नकाशावर दोरा ठेवतात. रत्नागिरीचा किनारा जवळपास सरळ, दोरा ताणूनच बसतो. मग मी मोठ्या प्रमाणाचा तक्ता पसरते. दोरा बाणकोटला आत शिरतो, दाभोळला वाशिष्ठीच्या पात्रात वळतो, जयगडला शास्त्रीच्या मुखाशी गोल फिरतो, आणि अर्ध्यातच संपतो. "मॅडम, खाडीत कुठपर्यंत आत जायचं?" जिथपर्यंत भरतीचं पाणी चढतं तिथपर्यंत? पहिल्या पुलापर्यंत? आणखी मोठा नकाशा घेतला तर प्रत्येक खडक, त्याहून मोठा घेतला तर प्रत्येक कातळाची खाच. दोऱ्याचं रीळ पुरणार नाही. इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांना हेच देशांच्या सीमांबाबत आढळलं होतं. स्पेन आणि पोर्तुगालमधली एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर नोंदलेली, दुसऱ्या ठिकाणी १,२१४. त्यावरून १९६७ मध्ये गणितज्ञ बेनुआ मँडलब्रॉटनं ब्रिटनचा किनारा किती लांब आहे असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला, आणि पुढे त्यातून भूमितीची एक अख्खी शाखा वाढली. मोजपट्टी जितकी बारीक, तितका किनारा लांब. त्यामुळे किनाऱ्याच्या लांबीशेजारी मोजपट्टीची लांबीही लिहिली पाहिजे, नाहीतर तो आकडा अर्धाच.

डोंगराचं तर आणखी अवघड. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे, यावर वाद नाही. पण कळसूबाई सुरू कुठून होते? बारी गावाच्या शिवेवर? पहिल्या चढावर? शिडीपाशी? मुलांना पेन्सिलीनं डोंगराची हद्द काढायला सांगितली की जितकी मुलं तितके डोंगर होतात. शेताला बांध असतो, गावाला शीव असते, ती माणसांनी ठरवलेली. उंची, ऊन, ओल यांना बांध नसतो, त्या जागोजाग फक्त कमी-जास्त होत जातात. म्हणून संगणकातही दोन वेगळ्या भाषा लागतात, एक रेषांची आणि एक चौकोनांची. काय कुठल्या भाषेत लिहायचं हे मात्र संगणक ठरवत नाही. तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ आणि भूगोलतज्ज्ञ डेव्हिड मार्क यांनी २००३ मध्ये 'डोंगर अस्तित्वात असतात का' या प्रश्नावर गंभीरपणे शोधनिबंध लिहिला. ट्रेकला जाणारी मुलं आधी हसतात, आणि मग परतीच्या एसटीत तासभर त्यावरच भांडतात.

हिरव्या पडद्याची ती मुलगी त्या वर्षी सत्र संपेपर्यंत त्याच तालुक्यावर काम करत राहिली. नकाशा तिनं मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपात नेला. वर्तुळं आता खरी वर्तुळं झाली, घरं मोजून झाली, गुण मिळाले असते. पण ती वर्तुळं तिनं स्वतःच पुसली आणि रस्ते, पाऊलवाटा घेऊन चालत जायला लागणाऱ्या मिनिटांचा नकाशा केला. चढाला जास्त वेळ धरला, उताराला कमी. एक दिवस ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, हे कुठल्या महिन्यातलं धरू?"

मला क्षणभर कळलं नाही. तिनं नकाशावर बोट ठेवलं. ओढ्यापलीकडे एक वाडी होती, चौदा घरांची, उपकेंद्रापासून सरळ रेषेत ३०० मीटर. मे महिन्यात कोरड्या पात्रातून दहा मिनिटांची वाट. जुलैत ओढा भरला की साकवावरून जावं लागतं, आणि साकव नसेल तर पूर्ण वळसा, सव्वा तास. नकाशात साकवाची खूण होती. पण नकाशा जुना होता.

"अगं, मग साकव अजून आहे का?"

"तेच विचारायला त्या वाडीतल्या आशाताईंना फोन लावलाय. रेंज येत नाहीये."

तिनं दोन नकाशे तयार केले होते, एक मे महिन्याचा आणि एक जुलैचा. जुलैच्या नकाशात तिनं त्या चौदा घरांना अजून कोणताच रंग दिला नव्हता.